जनरल रजिस्टर प्रकल्प: भांडुपच्या शाळेतल्या कामाच्या नोंदी

शनिवार, ४ मे २०२४

आजपासून लिहून ठेवायला घेतलं, कारण तोंडी ठरलेलं दोन आठवड्यांनी कोणाला आठवत नाही. काम असं आहे की भांडुप पश्चिमेला आमची पालिकेची माध्यमिक शाळा आहे, मी इथूनच ९४ ला दहावी झाले, तिच्या ऑफिसातली जुनी जनरल रजिस्टरं फोटो काढून जपायची आणि नाव टाकलं की नंबर सापडेल अशी यादी बनवायची.

जनरल रजिस्टर म्हणजे शाळेत पाऊल टाकलेल्या प्रत्येक मुलाची एक ओळ. दाखल होताना नंबर पडतो आणि तोच नंबर पुढे शाळा सोडल्याच्या दाखल्यावर येतो. नाव, धर्म, जात, जन्मस्थळ, जन्मतारीख अंकी आणि अक्षरी, आधीची शाळा, कधी आला, कधी गेला, का गेला, वर्तणूक, शेरा. हजेरीपत्रकं काही वर्षांनी जातात, हे रेकॉर्ड मात्र कायमचं जपायचं असतं. माणूस सत्तर वर्षांचा झाला तरी त्याचा दाखला यातूनच निघतो.

आत्ताच का, तर नोव्हेंबर २०२३ ला राज्यभर कुणबी नोंदी शोधायचं काम निघालं तेव्हा ऑफिसातल्या काकांनी (क्लार्क, पण आम्ही सगळे काकाच म्हणतो) जुन्या रजिस्टरांचं पान न पान उलटलं, आणि उलटताना पानं कडेने तुटायला लागली. काकांनी तेव्हाच हेडबाईंना सांगितलं की बाई अजून दोनदा असं झालं ना तर पहिलं रजिस्टर हातात येईल. हेडबाईंनी माजी विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर मेसेज टाकला आणि आम्ही चारजण तयार झालो: मी, माझा वर्गमित्र ज्याचं झेरॉक्सचं दुकान आहे, त्याची बायको (आमची वहिनी), आणि आमचे रिटायर झालेले विज्ञानाचे सर.

आज मोजणी केली. माध्यमिकची ७ रजिस्टरं, पहिलं १९७१ चं. तीन बरी आहेत, दोघांचं बाइंडिंग सुटलंय, एकाला वाळवी लागून गेलीय आणि एक २६ जुलै २००५ ला भिजलेलं. त्या दिवशी सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला हे सगळ्यांना पाठ आहे, आमच्या शाळेत तळमजल्यावर गुडघाभर पाणी होतं आणि हे रजिस्टर कपाटाच्या सगळ्यात खालच्या कप्प्यात होतं. पहिलं काम आजच केलं, सगळी रजिस्टरं वरच्या कप्प्यात हलवली.

बुधवार, २२ मे

सोमवारी लोकसभेचं मतदान झालं, शाळा मतदान केंद्र होती म्हणून चार दिवस आत जाता आलं नाही. खोल्या रिकाम्या करताना ऑफिसातलं एक कपाट जिन्याखाली सरकवलेलं दिसलं आणि माझा जीव वरखाली, पण आमचं कपाट ते नव्हतं. शिपाई मामी म्हणाल्या, "मी उभी होते ना तिथं, हात नाही लावू दिला कोणाला." पुढच्या निवडणुकीच्या आधी रजिस्टरं हेडबाईंच्या केबिनमधल्या लोखंडी कपाटात जायला हवीत, हे लिहून ठेवते कारण विधानसभा याच वर्षी आहे.

सोमवार, २७ मे

दहावीचा निकाल. मी कामावरून अर्धा दिवस घेऊन गेले. आता गुणपत्रिका आल्या की दाखल्यांची गर्दी, त्यामुळे जूनमध्ये काका आम्हाला फार वेळ देऊ शकणार नाहीत. दोन मुली ऐंशीच्या वर आहेत आणि त्यातली एक हनुमान टेकडीवरची, रोज तेवढा चढ उतरून येणारी. हा मुद्दा प्रकल्पाचा नाही पण लिहावासा वाटला.

शनिवार, ८ जून

स्टँड तयार. प्लंबिंगच्या पाइपचा चौकोन, वर मोबाइल ठेवायला खाच, खाली सरांचा जुना ड्रॉइंग बोर्ड. पानं सपाट राहावीत म्हणून काचवाल्याकडून ५ मिलिमीटरची काच आणली, कडा घासून घेतल्या. फ्लॅश वापरायचा नाही, काचेवर चमकतो. ऑफिसच्या उत्तरेच्या खिडकीतला उजेड सकाळी नऊ ते साडेअकरा चांगला असतो, तेवढ्यातच काम.

पहिल्याच पानाला मोठी चूक झाली. रजिस्टर जोडपानाचं असतं, म्हणजे एका मुलाची ओळ डाव्या पानावर सुरू होते आणि उजव्या पानावर संपते. डावीकडे नंबर, नाव, जात, जन्म. उजवीकडे आधीची शाळा, दाखल तारीख, सोडल्याची तारीख, कारण. आम्ही दोन पानांचे वेगळे फोटो काढले आणि घरी बघायला बसले तर उजवीकडे नंबरच नाही! पान जरा तिरकं असेल तर बाराव्या ओळीचं कारण तेराव्याच्या नावाला लागतं. कोणाला तरी "सतत गैरहजर" लागलं असतं जो मुळात दहावी पास होऊन गेला. काढलेले ४० फोटो पुसले. आता दोन्ही पानं एकाच फोटोत, आणि आडवी मोजपट्टी ठेवून दर पाचव्या ओळीला खूण.

शनिवार, १५ जून

शाळा उघडली. मुलांना पुस्तकं, वह्या, गणवेश मिळाले, पोरं नव्या पुस्तकांचा वास घेत होती तसाच जसा आम्ही घ्यायचो. मराठी माध्यमाची नववीची आता एकच तुकडी आहे. माझ्या वेळेला ‘अ’ ते ‘ड’ होत्या आणि ‘ड’ मध्येसुद्धा बाकावर तिघं बसायचो. या इमारतीत मराठीबरोबर हिंदी आणि इंग्रजी माध्यम पण भरतं, आणि इंग्रजीच्या वर्गांना प्रवेशाची रांग असते. मला कोणावर राग नाही, पालक आपल्या पोराचं भलं बघणार. पण म्हणूनच हे काम आत्ता व्हायला पाहिजे असं मला फार वाटतं, उद्या मराठी तुकडी दुसऱ्या शाळेत हलवली तर ही रजिस्टरं कुठल्या टेम्पोत पडतील सांगता येत नाही.

शनिवार, २२ जून

रजिस्टर १ पूर्ण झालं, फोटो ठीक आहेत. आज टायपिंगचे नियम ठरवले आणि त्यावर सरांशी दोन तास वाद झाला.

सरांचं म्हणणं होतं चुका दिसतात त्या टाइप करताना सुधारून घ्या. उदाहरण, पहिल्या रजिस्टरमध्ये पानोपानी "कणकवली, जि. रत्नागिरी" आणि "देवगड, जि. रत्नागिरी". टाइप करणारी वहिनी म्हणाली हे चुकलंय, सिंधुदुर्ग पाहिजे. पण चुकलेलं नाहीच. सिंधुदुर्ग जिल्हा झाला १ मे १९८१ ला, त्याआधी ते सगळं रत्नागिरीच. तसंच "महाड, जि. कुलाबा" लिहिलंय ते बरोबर आहे, कुलाब्याचं रायगड नाव १९८१ ला झालं. जालना पण १९८१, लातूर १९८२. पालघर तर परवाचं, २०१४. आपलं भांडुपच घ्या, जुन्या काळी जन्मलेल्याच्या नोंदीत "भांडुप, जि. ठाणे" असेल तर लिहिणाऱ्या गुरुजींना ठाऊक होतं ते काय लिहितायत, कारण हा पट्टा मुंबईत आला तो नंतर. आणि मुंबई उपनगर हा वेगळा जिल्हा १९९० चा.

शेवटी मी एकच सांगितलं की सर, उद्या कोणी जात पडताळणीच्या ऑफिसात आपल्या यादीचा प्रिंट आणि मूळ रजिस्टरची नक्कल एकत्र ठेवली आणि दोन्हीत जिल्हा वेगळा निघाला, तर त्रास त्या माणसाला होणार. सर गप्प बसले, मग म्हणाले, "बरोबर आहे तुझं, जसं लिहिलंय तसं." तोच आता नियम क्रमांक एक. जसं लिहिलंय तसं, चूक वाटली तरी तसंच, आपलं म्हणणं वेगळ्या रकान्यात.

नियम दोन, जात, धर्म, वर्तणूक, शेरा हे टाइप करायचंच नाही. यादीत फक्त रजिस्टर नंबर, नाव, जन्मस्थळ, दाखल वर्ष, सोडल्याचं वर्ष आणि फोटो क्रमांक. बाकी ज्याला पाहिजे त्याला मूळ रजिस्टरवरून शाळाच देईल, अर्ज घेऊन. यादी इंटरनेटवर टाकायची नाही, शाळेच्या एका कॉम्प्युटरवर. माझ्या वर्गमित्राला वाटत होतं वेबसाइट करूया, लोकांना घरबसल्या दिसेल. मी नाही म्हटलं, हेडबाईंनी पण नाहीच म्हटलं. एकतर २०२३ चा डेटा संरक्षणाचा कायदा आहे, आणि कायदा नसता तरी कोणाची जात नि कोण कशामुळे शाळेतून गेलं हे मोबाइलवर फिरायची गोष्ट नाही.

शनिवार, २९ जून

एक जूनबद्दल लिहायचं राहिलं होतं. रजिस्टर १ आणि २ मध्ये जन्मतारखेच्या रकान्यात १ जून, १ जून, १ जून. एका पानावर तर सलग सहा ओळी. वहिनीला वाटलं लिहिणाऱ्याने वरचंच खाली उतरवलंय. तसं नाही ते, आमच्या घरात माझे दोन्ही काका १ जूनचे आहेत आणि त्यांच्यात तीन वर्षांचं अंतर आहे. गावाला जन्म, नोंद कुठेच नाही, आई सांगणार "भातलावणी चालू होती" किंवा "मोठा पूर आला त्या साली", आणि शाळेत जूनला नाव घालताना वय बसलं पाहिजे म्हणून गुरुजींनी १ जून टाकून दिली. महाराष्ट्रात एका पिढीचे वाढदिवस असे गुरुजींनी ठरवलेत, आणि त्याच तारखेवर माणसं नोकरीला लागली नि रिटायर झाली.

गंमत म्हणून नाही, कामाचा मुद्दा म्हणून लिहिते: शोध करताना जन्मतारखेवर विसंबायचं नाही. नाव, वडिलांचं नाव, गाव.

गुरुवार, ४ जुलै

आज कामाच्या दिवशी लिहितेय कारण सगळंच बदललं. २८ जूनला बजेटमध्ये लाडकी बहीण योजना जाहीर झाली, महिन्याला १५०० रुपये. आधी अधिवास प्रमाणपत्र पाहिजे म्हणाले, आणि मग दोन-चार दिवसांतच सवलत आली की ते नसेल तर १५ वर्षांपूर्वीचं रेशन कार्ड, मतदार कार्ड, जन्मदाखला किंवा शाळा सोडल्याचा दाखला चालेल. झालं. काकांचा सकाळी अकराला फोन, "ताई तुमची ती यादी कुठपर्यंत आलीय?" मागून आवाज येत होता बायकांचा. गेटपासून रांग.

यादी रजिस्टर १ ची पूर्ण, २ ची अर्धी. तेवढीच प्रिंट काढून वर्गमित्राने दुकानातून पाठवली. रात्री आम्ही तिघांनी घरून बसून रजिस्टर २ ची बाकी नावं टाइप केली, दीड वाजला.

सोमवार, ८ जुलै

मध्यरात्रीपासून पाऊस, सकाळी सातपर्यंत काही ठिकाणी ३०० मिलिमीटरच्या वर. शाळांना सुट्टी, भांडुपच्या आसपास रुळांवर पाणी, मध्य रेल्वे ठप्प, मला ऑफिसला जाताच आलं नाही. छत्री घेऊन चालत शाळेत गेले. मामी माझ्याआधी पोचल्या होत्या. तळमजल्यावर पायरीपर्यंत पाणी आलं, आत आलं नाही. रजिस्टरं वरच्या कप्प्यात होती तरी आम्ही दोघींनी ती पहिल्या मजल्यावर प्रयोगशाळेत नेऊन ठेवली आणि सरांच्या जुन्या टेबलावर प्लॅस्टिक टाकून झाकली. एक रजिस्टर साधारण चार-पाच किलोचं असेल, जिन्यावरून नेताना कळतं.

शनिवार, १३ जुलै

आजचा दिवस नीट लिहायला हवा.

सकाळी आठ ते दीड, सलग. रांगेत बहुतेक पंचेचाळीस ते साठच्या बायका, टेंभीपाडा, कोकण नगर, प्रताप नगर, खिंडीपाड्यावरून पण आलेल्या. माझं काम एवढंच की नाव विचारायचं आणि यादीत शोधायचं. पहिली अडचण माहेरचं नाव. बाई सांगते आधार कार्डवरचं नाव आणि रजिस्टरमध्ये ती चाळीस वर्षांपूर्वीची मुलगी आहे, वेगळं आडनाव, कधीकधी नाव पण वेगळं कारण लग्नात बदललं. म्हणून पहिला प्रश्न, "शाळेत बाई काय नावाने हाक मारायच्या?" हा प्रश्न विचारला की प्रत्येकीचा चेहरा जरा बदलायचा आणि मग पूर्ण नाव यायचं, वडिलांसकट, एका दमात, हजेरी दिल्यासारखं.

दुसरी अडचण, ज्या सातवीनंतर बसल्या त्या आमच्या रजिस्टरमध्ये नाहीतच. माध्यमिकची नोंद आठवीपासून. त्यांचं नाव खालच्या मजल्यावर प्राथमिक शाळेच्या रजिस्टरला, आणि ती वेगळी शाळा, वेगळे मुख्याध्यापक, वेगळं कपाट. बाईंना हे कसं कळणार, त्यांच्यासाठी इमारत एक म्हणजे शाळा एक. दहा-बारा जणी आमच्याकडे तासभर उभं राहून मग खाली गेल्या, ह्याचं मला फार वाईट वाटलं. साडेदहाला मामींनी गेटवरच विचारायला सुरुवात केली, "सातवीपर्यंत का पुढे?"

एक मावशी आल्या, नववीत शाळा सोडलेल्या, साल ८६. नाव यादीत होतं, फोटो क्रमांक होता, काकांनी रजिस्टर उघडलं. मी पट्टीने वरच्या-खालच्या ओळी झाकल्या आणि त्यांना त्यांची ओळ दाखवली. त्यांनी बोटाने वाचलं, नाव, वडिलांचं नाव, राजापूर, जन्मतारीख, आणि उजव्या पानावर सोडण्याचं कारण: "घरगुती अडचण". तिथे बोट थांबलं. म्हणाल्या, "अडचण म्हणजे मीच गो. आईला दिवस होते, पाठची तिघं लहान." मग विचारलं, "माझा शेरा काय लिवलाय?" प्रगतीच्या रकान्यात "चांगली" होतं. त्यांनी ते दोनदा वाचून घेतलं. मोबाइलमध्ये फोटो काढू का विचारलं, तर हेडबाईंनी हो म्हटलं, फक्त त्यांची ओळ, बाकी झाकून.

दुपारी घरी येऊन मी नियम वाढवला. नियम तीन: ज्याची ओळ त्याला पूर्ण दाखवायची, वाचता येत नसेल तर वाचून दाखवायची. दाखल्यावर सगळंच येत नाही, रजिस्टरमध्ये असतं.

शनिवार, २७ जुलै

अर्जाची मुदत ३१ ऑगस्टपर्यंत वाढल्याने गर्दी विभागली गेली. प्राथमिकचे मुख्याध्यापक सर स्वतः वर आले आणि म्हणाले आमची पण रजिस्टरं घ्या. ११ रजिस्टरं, पहिलं १९५८ चं. आम्ही एकमेकांकडे बघितलं. काम अडीच पट झालं. पण नाही म्हणायचा प्रश्नच नव्हता, कारण खरी जुनी माणसं तिथेच आहेत, आणि ओबीसी दाखल्यासाठी १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा पुरावा लागतो, तो माध्यमिकच्या १९७१ च्या रजिस्टरमधून निघणारच नाही. भटक्या-विमुक्तांसाठी २१ नोव्हेंबर १९६१, अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०. टेकडीवरच्या एका कुटुंबातल्या नातवाचं इंजिनीअरिंगचं अॅडमिशन आजोबांच्या १९६२ च्या पहिलीच्या नोंदीवर अडलेलं आहे, हे काकांनी आजच सांगितलं. ती नोंद प्राथमिकच्या रजिस्टर २ मध्ये असेल तर आहे.

म्हणून क्रम बदलला. आधी प्राथमिक १, २, ३, म्हणजे १९६७ पर्यंतची. माध्यमिक नंतर.

शनिवार, १७ ऑगस्ट

आजोबांची नोंद सापडली! प्राथमिक रजिस्टर २, शाई फिकट झालीय पण वाचता येते. नाव यादीत शोधून सापडलं नव्हतं कारण आम्ही "सुर्वे" शोधत होतो आणि लिहिलं होतं "सूर्वे". माणूस वाचेल तर दोन्ही एकच, कॉम्प्युटरला दोन वेगळी आडनावं. आणि हे सारखं होतंय: निलम-नीलम, पुजा-पूजा, भुवड-भूवड, रविंद्र-रवींद्र. नियम एक मोडून शुद्धलेखन सुधारायचं नाही, त्यामुळे उपाय असा काढला की एक वेगळा रकाना "शोधनाव", त्यात सगळ्या दीर्घ वेलांट्या-उकार ऱ्हस्व करून टाकायचे, आणि शोधताना पण ऱ्हस्वच टाइप करायचं. वर्गमित्राच्या भाच्याने एक्सेलमध्ये फॉर्म्युला लावून दिला, आता तो रकाना आपोआप भरतो.

त्याच पोराने अजून एक गोष्ट शोधली. गोऱ्हे, कऱ्हाडकर ही नावं अर्धी सापडतात अर्धी नाही, दिसायला अगदी सारखी. कारण ऱ हे अक्षर दोन प्रकारे टाइप होतं, एकतर थेट एकच अक्षर म्हणून किंवा र आणि खाली नुक्ता असं जोडून, आणि मी मोबाइलवर टाइप करते नि वहिनी कॉम्प्युटरवर. ते पण शोधनावाच्या फॉर्म्युल्यात टाकलं. काकांकडे २००८ सालची एक जुनी यादी होती, फार आशेने उघडली तर सगळी चिन्हंच चिन्हं, कारण जुन्या श्रीलिपीसारख्या फॉन्टमध्ये टाइप केलेली आणि तो फॉन्ट आता कुठल्याच मशीनवर नाही. काकांची कित्येक महिन्यांची मेहनत होती ती. फाइल जपून ठेवलीय, बदलून घेता येईल असं भाचा म्हणतो.

शनिवार, ७ सप्टेंबर

गणपती. अर्धं भांडुप कोकणात, आमची टीम पण. मी एकटी, काम बंद. सगळ्या फोटोंची दुसऱ्या हार्ड डिस्कवर कॉपी केली.

शनिवार, २१ सप्टेंबर

हेडबाईंची इच्छा होती की नववीच्या मुलांना या कामात घ्यावं, प्रकल्प म्हणून गुण पण देता येतील. पोरं हुशार आहेत, टायपिंग आमच्यापेक्षा फास्ट. पण मला ते पटत नव्हतं आणि मी स्पष्ट बोलले. याच वस्तीतली मुलं, रजिस्टरमध्ये त्यांचेच आई-वडील, शेजारी, मित्राची आई. कोण नापास झालं, कोणाची वर्तणूक काय, कोणाची जात काय. पट्टीने झाकलं तरी पोराचं लक्ष जाणारच. सर माझ्या बाजूने बोलले. बाईंनी विचार करायला आठवडा घेतला होता आणि आज तोडगा त्यांनीच काढला: रजिस्टरला मुलांचा हात नाही, पण आम्ही नावं काढून फक्त तालुका आणि साल अशी मोजणी द्यायची आणि मुलांनी त्याचा नकाशा करायचा. मला हे फार आवडलं.

शनिवार, १९ ऑक्टोबर

नकाशा भिंतीवर लागला. मुलांनी महाराष्ट्राचे दोन नकाशे काढले, एक १९८० चा जिल्ह्यांचा, एक आत्ताचा, शेजारी शेजारी. टिकल्या लावल्या आहेत. पहिल्या काळात देवगड, कणकवली, राजापूर, संगमेश्वर, चिपळूणवर दाटी, मग पाटण, कराड, जावळी, मग जुन्नर आणि आंबेगाव. मुलांनी विचारलं इथे एवढी माणसं का आली, तर सरांनी त्यांना खिडकीपाशी नेऊन एलबीएस रोडच्या दिशेने हात केला आणि कारखाने मोजून दाखवले, जीकेडब्ल्यू, सिएट, एशियन पेंट्स, पलीकडे विक्रोळीला गोदरेज, मुलुंडला जॉन्सन. त्यातल्या काही जागी आता टॉवर आणि मॉल आहेत. एक मुलगा म्हणाला माझे आजोबा जीकेडब्ल्यूत होते, मग दुसरा, मग चौथा. आणि टिकल्यांच्या एका कोपऱ्यात खिंडीपाडा, तुळशेतपाड्याची मुलं, त्यांचं जन्मस्थळ नेहमीच इथलं, बाकी सगळे यायच्या आधीपासूनचं.

नव्वदनंतरच्या सालांचा नकाशा मात्र जवळजवळ रिकामा. कारण जन्मस्थळाच्या रकान्यात आता गाव नाही, "मुंबई", "मुलुंड", "घाटकोपर". बाळंतपणं अग्रवाल हॉस्पिटल नाहीतर राजावाडीत. गाव रजिस्टरमधून गेलं. एका मुलीने विचारलं मग माझी टिकली कुठे लावायची, बाईंनी सांगितलं भांडुपला लाव, तिने लावली, आणि मग बाकीच्या वर्गाने पण तिथेच लावल्या, एकावर एक.

शनिवार, ९ नोव्हेंबर

विधानसभेचं मतदान २० ला, त्यामुळे मे महिन्यात लिहिलेलं आज केलं. १८ च्या १८ रजिस्टरं बटर पेपरमध्ये गुंडाळून हेडबाईंच्या लोखंडी कपाटात. चावी दोन, एक बाई, एक काका.

भिजलेलं रजिस्टर उघडायचा प्रयत्न केला. शाई फुटून पानं निळी झालीत, पण पानं एकमेकांना चिकटलेली आहेत ती साधारण शंभर, बाकी सुटतात. चिकटलेली आम्ही सोडवणार नाही, ते शिकलेल्या माणसाचं काम आहे.

शनिवार, १४ डिसेंबर

कारणांच्या रकान्यावर. आम्ही तो टाइप करत नाही, पण फोटो तपासताना डोळ्याखालून जातो. बहुतेक ओळींत "इ. १० वी उत्तीर्ण" किंवा "पालकांच्या विनंतीवरून". पण दोन ठिकाणी पानंच्या पानं वेगळी आहेत. एक १९८२ चा मे-जून ते ८३, "गावी गेल्यामुळे", खाली "गावी गेल्यामुळे", खाली फक्त दोन टिंबं. १८ जानेवारी १९८२ ला गिरणी संप सुरू झाला, गिरण्या लालबाग-परळला पण कामगार इथे टेकडीवरही राहायचे, परीक्षा होईपर्यंत लोकांनी वाट बघितली आणि मग पोरांना घेऊन गाव गाठलं असं तारखांवरून दिसतं. दुसरं २०२०-२१, तेच शब्द, वेगळं अक्षर.

आमच्या शेजारचा एक मुलगा ८२ ला पहिलीतून गेला होता असं आई सांगायची. मी त्याची ओळ बघितली नाही. बघू शकले असते.

आणि आईचं नाव. जुन्या रजिस्टरांत आईचा रकानाच नाही, आईच्या बाळंतपणामुळे शाळा सोडलेल्या मुली आहेत पण कोणाच्या पोटच्या ते कुठेच नाही. नव्यात आहे. १ मे २०२४ पासून जन्मलेल्यांचं तर आईचं नाव वडिलांच्या आधी येणार, ती मुलं २०३० च्या सुमाराला पहिलीत येतील तेव्हा रजिस्टरचा रकाना बदलावा लागेल, हे काकांनी आत्ताच एका चिठ्ठीवर लिहून कपाटात चिकटवलंय.

शनिवार, ११ जानेवारी २०२५

एक गृहस्थ आले होते, रिटायरमेंट जवळ आलीय, जन्मतारीख दोन वर्षांनी चुकलीय म्हणाले, यादीत तरी बदला. त्यांना बसवून चहा दिला, ओळ दाखवली, १ जून. काकांनी समजावलं की शाळा सोडल्यावर माध्यमिक शाळा संहितेप्रमाणे हे आम्हाला बदलता येत नाही, आणि यादीत जन्मतारीख नाहीच, असती नि बदलली तरी मूळ तेच राहणार. ते चिडले नाहीत पण उठताना म्हणाले, "त्या गुरुजींनी आईला विचारलं असतं तर." मला उत्तर सुचलं नाही.

शनिवार, ८ फेब्रुवारी

प्राथमिकची १ ते ५ झाली, माध्यमिकची १ ते ३ झाली, चौथ्याचं पान ६० पर्यंत. यादीवरून काका आता नाव दोन मिनिटांत काढतात, पूर्वी एका नावाला अख्खी दुपार जायची.

दुसरी हार्ड डिस्क अजून माझ्या घरी आहे आणि ती शाळेची वस्तू आहे. दोन्ही डिस्क एकाच इमारतीत ठेवून उपयोग नाही, पाणी आलं तर दोन्ही जातील, म्हणून एक शिक्षण ऑफिसात ठेवून घ्यावी असं पत्र हेडबाईंनी सप्टेंबरात दिलं होतं. उत्तर आलेलं नाही. सोमवारी बाई आणि मी स्वतः जाऊन भेटणार आहोत, सोबत त्या आजोबांच्या नातवालाही घेऊन, त्याचं अॅडमिशन झालं.

२१ फेब्रुवारीपासून दहावीची परीक्षा, शाळा केंद्र आहे, त्यामुळे १७ मार्चपर्यंत ऑफिस आपल्याला नाही. दहावीच्या मुलांची हॉलतिकिटावरची नावं मी आणि काकांनी आज रजिस्टरशी ताडून बघितली, एकीचं "सानिका" चं "सनिका" झालंय, बोर्डाला दुरुस्तीसाठी आजच कळवलं.

पुढचं काम: माध्यमिक ४, पान ६१. काच बदलायची, कोपऱ्यात तडा गेलाय.